मोठेबाबांची लंडनची ऑर्डर

त्या पत्रांतलं इंग्रजी माझं होतं. कोणी हा विषय काढला की मला आधी तेच आठवतं, आणि अजूनही तेवढाच राग येतो.

भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा जिल्हा होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मी मोहाडीला आईवडिलांकडे राहायचे आणि सिहोऱ्याच्या एका शाळेत तासिकेवर इंग्रजी शिकवायचे. सकाळी मोहाडीहून तुमसर, तिथून दुसरी बस पकडून सिहोरा, आणि संध्याकाळी तसंच परत. माझे मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, आमच्याच गल्लीत तीन घरं सोडून राहत. त्यांच्या घरात तीन माग होते. एकावर ते स्वतः बसत, दुसऱ्या दोनांवर शेजारचे दोघे विणकर. कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, करवतकाठी साडी विणावी ती मोठेबाबांनीच, असं आमच्याकडे बोललं जाई. ते खोटं नव्हतं. काठावरचे करवतीचे दाते इतके सारखे यायचे, की मी लहानपणी त्यावर बोट फिरवत बसायचे आणि मोठी आई, म्हणजे त्यांची बायको, माझ्या हातावर चापट मारायची.

त्या हिवाळ्यात मोठेबाबा नागपूरच्या हातमाग प्रदर्शनात साड्या घेऊन गेले होते. परत आले ते एक नवीन खूळ घेऊन.

"पोरी, तो ई-मेल का काय म्हणतेत, तो मले काढून दे," ते म्हणाले. "तिथल्या सगळ्याइच्या कार्डावर होता. माह्याच कार्डावर नव्हता."

तुमसरला बसस्टँडजवळ एक इंटरनेटचं दुकान होतं. मालक पूर्वी टायपिंगचे वर्ग चालवायचे. दोन जुनी टाइपरायटरं अजून मागच्या भिंतीला लावलेली होती आणि पुढे चार कॉम्प्युटर. त्यांना सगळे टायपिंगवाले काका म्हणत. त्यांच्याकडे मी मोठेबाबांचा ई-मेलचा पत्ता काढून दिला, मोठेबाबांनी तो नव्या कार्डांवर छापून घेतला आणि भेटेल त्याला कार्ड देत सुटले. मी आठवड्यातून दोनदा, शाळेतून येताना, त्यांची ई-मेलची पेटी उघडून पाहायचे. दोन महिने काही आलं नाही. मोठेबाबा दर वेळी विचारायचे, "आलं का काही?" आणि मला उगीच अपराधी वाटायचं.

मग एक दिवस पत्र आलं.

लंडनला राहणाऱ्या एका बाईचं होतं. तिचा नवरा कापडाचा मोठा व्यापारी, नुकताच वारलेला. धंदा आता तिच्याकडे होता. तिने लिहिलं होतं, 'प्रिय मित्रा, आपल्या उत्कृष्ट उत्पादनांविषयी मी ऐकून आहे. मला मोठ्या प्रमाणात खरेदी करायची आहे. संपूर्ण रक्कम आगाऊ देईन. करार होईपर्यंत कृपया कोणाशीही बोलू नये, कारण आमचे स्पर्धक टपलेले आहेत.'

मी ते छापून घेतलं, घरी आणलं आणि मोठेबाबांच्या अंगणात उभ्याउभ्या मराठीत वाचून दाखवलं. वाचताना 'आपल्या उत्पादनांविषयी' याचं मी 'तुमच्या साड्यांविषयी' केलं. मुद्दाम नाही. मोठेबाबा समोर बसले होते, मागे मागाचा खटखट आवाज चालू होता, उत्पादनं म्हणजे दुसरं काय असणार? पण त्या पत्रात साडी हा शब्द कुठेच नव्हता. कापड हा शब्दसुद्धा फक्त मेलेल्या नवऱ्याच्या बाबतीत होता. ज्या माणसाला साबण विकायचा आहे त्यालाही ते पत्र चाललं असतं, आणि ज्याला तांदूळ विकायचा आहे त्यालाही. रिकामी जागा होती ती मी भरली. माझ्याजवळ इंग्रजीची एम.ए. होती, तरी भरली.

मोठेबाबांनी कागद माझ्या हातातून घेतला. मग त्यांनी माग थांबवायला सांगितलं आणि दोन्ही विणकरांना बाहेर बोलावलं.

"लंडनहून पत्र आलं," ते म्हणाले. कोणाशी बोलू नये असं पत्रात होतं, ते मी एवढ्यात वाचून दाखवलं होतं, पण त्यांना दम निघाला नाही.

उत्तर मी लिहिलं. काय लिहिलं असेल! करवतकाठी म्हणजे काय, कोसा म्हणजे काय, हाताने विणायला किती दिवस लागतात, एका साडीत किती मेहनत. दोन तास बसून, शब्दकोश पाहून. टायपिंगवाले काका मागून वाचत होते. म्हणाले, "मॅडम, हे तर पेपरात छापण्यासारखं लिहिलं तुम्ही." मला बरं वाटलं होतं. ते आठवलं की आता कानशिलं तापतात.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. सहाशे साड्या. आम्ही सांगितलेला भाव मंजूर.

मोठेबाबांनी भाव मुद्दाम चढवून सांगितला होता, समोरचा उतरवील म्हणून. उतरवलाच नाही. मी हे वाचून दाखवत होते तेव्हा मोठी आई चुलीपुढे बसली होती. तिला अक्षर येत नव्हतं. मागासाठी सुताच्या कांड्या भरण्यात आणि घरोघर साड्या दाखवण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. ती तिथूनच म्हणाली, "सहाशे लुगडी घेऊन राहिली, अन् काठ कसा, पदर केवढा, काहीच इचारलं नाही? आपल्या इथं एक लुगडं घ्याले बाई येते तं अर्धा दिवस बसते. दहा घड्या मोडते. मंग म्हणते, उद्या येतो."

"ते लंडनची बाई हाय," मोठेबाबा म्हणाले. "तिले टाइम नाही."

"टाइम नाही तं सहाशे कायले पाहिजे?"

मी हसले. मोठी आईच्या बोलण्याला हसले आणि मोठेबाबांच्या बाजूने बोलले, की तिकडे लोक घासाघीस करत नाहीत. मी कधी नागपूरच्या पुढे गेले नव्हते.

त्यानंतर बँकेचं पत्र आलं. खरं म्हणजे बँकेचं म्हणून आलेलं. वर चिन्ह, खाली सही, गोल शिक्का, आणि सोबत ड्राफ्टचं चित्र. रक्कम आमच्या नावे तयार आहे, फक्त परदेशी पैसा सोडवण्याचं शुल्क आधी भरावं लागेल. त्यात असंही होतं, की हे शुल्क मूळ रकमेतून कापता येत नाही, तसा नियम आहे.

"मोठेबाबा," मी म्हटलं, "एवढे पैसे त्याइच्या हातात हायेत, तं त्यातूनच काहून नाही कापत?"

"नियम असन."

"अन् हे खातं बँकेच्या नावावर नाही. कोण्या माणसाच्या नावावर हाय. तेही लंडनचं नाही, आपल्याच देशातल्या दुसऱ्या राज्यातलं."

"एजंट असन तो. इतका मोठा कारभार, एजंट नाही राहणार काय?"

मला ते खटकलं होतं. खटकलेलं मी दोनदा बोलून दाखवलं आणि मग गप्प बसले, कारण मोठेबाबांच्या तोंडावर जो उजेड होता तो मी आधी पाहिला नव्हता. ते पन्नाशी पार केलेले, गावातल्या एका व्यापाऱ्याकडून सूत घ्यायचं आणि चार-दोन सोडून सगळ्या साड्या त्यालाच द्यायच्या, असं आयुष्यभर करत आलेले. साडीवर त्यांचं नाव कधी नसायचं. आता कोणी परदेशातून त्यांच्याशी थेट बोलत होतं. पैशांपेक्षा त्यांना तेच हवं होतं, असं मला वाटतं. बँकेची भरणा पावती मीच भरून दिली. माझं अक्षर चांगलं आहे म्हणून.

पैसे गेले त्याहून मोठं नुकसान त्या आठवड्यात झालं. मोठेबाबांनी व्यापाऱ्याचं नेहमीचं काम परत केलं. "यंदा मले जमणार नाही, माह्याकडं बाहेरची ऑर्डर हाय," असं त्याला दुकानात जाऊन सांगून आले. जवळचा सगळा पैसा सुतात घातला. तिन्ही माग एकाच कामाला लागले. गल्लीत दिवसभर तोच आवाज.

महिन्याभराने दुसरं पत्र आलं. आता एक प्रमाणपत्र लागणार होतं. पैसे घेणाऱ्याचा दहशतवादाशी संबंध नाही, अशा अर्थाचं. त्याचं शुल्क पहिल्याच्या दुप्पट.

मोठेबाबा भडकले. "मी काय दहशतवादी हाव? मोहाडीत कोणालेही इचारा म्हणा!"

मला वाटलं, सुटलो. पण थोड्या वेळाने तेच म्हणाले, "तिकडं कडक राहते वो सगळं. त्याइले तरी काय माहीत मी कोण हाव ते."

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून परत येताना टायपिंगवाल्या काकांकडे उतरले. मला त्या बाईला सरळ विचारायचं होतं, की हे काय चाललं आहे. आत एक म्हातारे गृहस्थ बसले होते. नाकाडोंगरीच्या बाजूचे, खाणीतून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या हातात एक छापलेला कागद होता आणि काकांशी त्यांची काही बोलाचाली चालू होती. मला पाहून काका म्हणाले, "बरं झालं मॅडम आल्या. तुमचा तो बँकेचा कागद हाय का सोबत? जरा काढा."

मी काढला. काकांनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवले.

शिक्का तोच. सही तीच. पत्राच्या वर जो क्रमांक होता, तोही तोच, शेवटच्या आकड्यापर्यंत. शिक्क्याच्या उजव्या कडेला शाई फिसकटली होती, ती दोन्हीकडे एकाच जागी फिसकटली होती. वाक्यं तीच. फक्त आमच्या पत्रात मोठेबाबांचं नाव आणि साड्यांचे पैसे होते, आणि त्यांच्या पत्रात त्यांचं नाव आणि कोण्या अनोळखी परदेशी माणसाने मरताना त्यांच्या नावे ठेवलेला वारसा.

 मी त्या गृहस्थांना म्हटलं, "काका, हे बघा. हे फसवणारे लोक हायेत. एकच कागद सगळ्याइले पाठवून राहिले."

त्यांनी दोन्ही कागद उचलले, चष्मा वर करून पाहिले, आणि त्यांचा चेहरा खुलला.

"म्हणजे तुमचेही पैसे याच बँकेत हायेत?" ते म्हणाले. "तरीच! बँक एक, म्हणून कागद एक. मी याइले तेच सांगून राहिलो होतो, का खरं हाय म्हणून."

 मी पुन्हा समजावलं. क्रमांक दाखवला. दोन वेगळ्या माणसांच्या दोन वेगळ्या कामांना एकच क्रमांक कसा असेल? ते मान हलवत राहिले. मग कागदाची नीट घडी करून खिशात ठेवली आणि मला, वर आशीर्वाद दिल्यासारखं, म्हणाले, "तुमचंही होऊन जाईन, पोरी. धीर धर." आणि बसस्टँडकडे निघून गेले. पुढे त्यांनी पैसे भरले की नाही, मला कळलं नाही.

निघण्यापूर्वी मी तिथूनच लंडनच्या बाईला एक पत्र लिहिलं. शुल्काविषयी एक शब्द नाही. मोठी आईचे प्रश्न तेवढे विचारले. काठ कोणता पाहिजे, लाल का हिरवा? लांबी नऊवार का सहावार? पदरावर नक्षी हवी का साधा? दोन दिवसांनी उत्तर आलं, 'आपण वर्णन केलेलं सर्व काही मान्य आहे. कृपया शुल्क आजच पाठवा, अधिकारी उद्या दौऱ्यावर जात आहेत.'

लाल का हिरवा, याचं उत्तर 'मान्य आहे.'

ते उत्तर आणि दोन कागदांची हकीकत घेऊन मी मोठेबाबांकडे गेले. रविवार होता. सगळं सांगितलं. एकेक गोष्ट सुटी करून सांगितली. पत्रात तुमच्या साडीविषयी एकही प्रश्न नाही. भावाची घासाघीस नाही. कोणाला सांगू नका म्हणते. प्रत्येक वेळी घाई, आजच भरा, उद्या साहेब नाही. द्यायचे आहेत लाखो आणि आधी मागते हजार. एक भरले की दुसरं निघते. मोठी आई दाराशी येऊन उभी राहिली होती. काठाचं उत्तर ऐकून ती फक्त "झालं" म्हणाली आणि आत गेली.

मोठेबाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुह्या इंग्रजीत काही चुकलं असन."

"काय चुकलं?"

"तू प्रश्न बरोबर नसन इचारला. तिले समजलं नसन. तुही इंग्रजी सिहोऱ्याची, तिची लंडनची."

 मला रडू येत होतं आणि ओरडावंसंही वाटत होतं. म्हटलं, "माझं इंग्रजी चुकलं असन तं चुकलं. पण तुम्ही आता पैसे भरू नका. मी पावती भरून देणार नाही अन् पत्रही लिहिणार नाही."

"नको लिहू," ते शांतपणे म्हणाले. "लिहिणारे लई हायेत."

आणि होतेच. भंडाऱ्याला कॉम्प्युटरच्या वर्गात कोणीतरी त्यांना पत्र लिहून दिलं, पावती भरून दिली. मला आठ दिवसांनी मोठी आईकडून कळलं. ती आमच्या घरी आली, आईजवळ बसली, आणि म्हणाली, "भरले त्याइनं." एवढंच. मग आईने केलेला चहा तिने घेतला नाही.

त्यानंतर तिसरं शुल्क आलं, आणि ते भरायला मोठेबाबांकडे काहीच उरलं नव्हतं. त्यांनी मुदत मागितली. तिकडून धमकीवजा पत्र आलं, करार रद्द होईल. मग पत्रं थांबली. सहाशेपैकी चाळीसेक साड्या विणून झाल्या होत्या. एक विणकर दुसरीकडे कामाला गेला.

बाबांच्या आग्रहाने आम्ही पोलिसांकडे गेलो. मोठेबाबा, बाबा आणि मी. मोठेबाबांनी सगळी पत्रं एका फायलीत लावून ठेवली होती, तारखेप्रमाणे. तिथल्या हवालदारांनी सगळं नीट वाचलं. चांगले होते ते, चहा मागवला, मोठेबाबांना खुर्ची दिली. अर्ज घेतला. पण म्हणाले, "पैसे तुम्ही आपल्या हातानं भरले, अन् तो माणूस कुठं बसला हाय ते आज सांगता येत नाही. खात्याची चौकशी लावतो, पण आस धरून बसू नका." मग पानं उलटता उलटता त्यांनी विचारलं, "तुमच्या बाजूची पत्रं लई चांगली हायेत. कोणी लिहिली?"

"मी," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काही वाईट बोलले नाहीत. "अच्छा," म्हणाले आणि फाइल बंद केली. मला वाटलं, निदान रागावून तरी बोलायचं होतं.

चौकशीचं काही झालं नाही. ते खातं रिकामं होतं आणि खातेदाराच्या पत्त्यावर त्या नावाचं कोणी नव्हतं.

मला वाटलं होतं, एवढ्यावर संपलं. पण चार महिन्यांनी पेटीत आणखी एक पत्र आलं. आता लिहिणारी एक संस्था होती. जगभर फसवल्या गेलेल्यांचे पैसे परत मिळवून देणारी म्हणे. तुमचं नाव यादीत आहे, भरपाई मंजूर झाली आहे, फक्त फाइल उघडण्याचं शुल्क भरा. एकदा फसलेल्याचं नाव त्यांच्यात विकलं जात असणार, हे मला ते वाचताना कळलं. पत्र मी तिथेच काढून टाकलं. पण मोठेबाबांनी आता भंडाऱ्याच्या वर्गातल्या त्या लिहिणाऱ्याला पासवर्ड देऊन ठेवला होता. त्याने माझ्याआधी पाहिलं होतं, छापून दिलं होतं. मी घरी पोचले तर मोठेबाबा आमच्याच ओट्यावर कागद घेऊन बसलेले.

"हे वाच," ते म्हणाले. "हे वेगळे लोक हायेत. हे परत देणारे हायेत."

मग माझा तोल गेला. आयुष्यात कधी मोठेबाबांपुढे आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. सगळी गल्ली ऐकत होती. "काहून समजत नाही तुम्हाले? किती वेळा फसणार? मोठी आईले समजलं, तिले अक्षर येत नाही तरी समजलं, तुम्हालेच काहून समजत नाही?" आई बाहेर येऊन माझा हात धरून मला आत ओढत होती. मी कागद त्यांच्या हातातून हिसकावला आणि फाडला.

मोठेबाबा उठले. चपला घातल्या आणि गेले. त्यांनी ते शुल्क भरलं नाही. माझ्या ओरडण्यामुळे भरलं नाही, की घरात भरण्यासारखं काही राहिलं नव्हतं म्हणून, हे मला कधी कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. आमच्यात बोलणं राहिलं, पण कामापुरतं. त्यानंतर त्यांनी कार्डांचा गठ्ठा काढला आणि प्रत्येक कार्डावरचा ई-मेल पट्टी लावून, पेनाने, काळजीपूर्वक खोडला. मोठी आई सांगत होती, दोन दिवस तेच करत बसले होते.

साड्या मोठी आईने विकल्या. गठोडं बांधून ती बसने साकोलीकडे जायची, सानगडीच्या बाजारात बसायची, लग्नघरांत जायची. मिळेल त्या भावात देऊन टाकल्या. मूळ सुताचेही पूर्ण निघाले नाहीत. व्यापाऱ्याने काम पुन्हा दिलं, पण आधीच्यापेक्षा कमी मजुरीवर, आणि मोठेबाबांनी ते मुकाट्याने घेतलं.

मी ते बँकेचं पत्र नववीच्या वर्गात नेलं होतं. नावं काढून, फळ्यावर काही वाक्यं लिहिली आणि मुलींना विचारलं, यात खोटं काय आहे ते शोधा. त्यांनी व्याकरणाच्या चुका शोधल्या. एकीने विचारलं, "मॅडम, अन् व्याकरण बरोबर असलं तं?" मी सांगितलं, व्याकरण सोडा. आधी पाहा, न मागता कोणी मोठं देऊन राहिलं काय. मग पाहा, देण्याआधी मागून राहिलं काय. तेवढं दिसलं की पुढचं वाचू नका, उत्तरही देऊ नका, घरच्यांना दाखवा. मुलींनी वहीत लिहून घेतलं. मला ते सांगताना बरं वाटत नव्हतं. माझ्या घरी हे सगळं सांगून झालं होतं आणि उपयोग झाला नव्हता.

शेवटी एक गोष्ट राहते, आणि मला सगळ्यात जास्त त्रास तिचाच होतो.

दीडेक वर्षाने पेटीत पुन्हा एक पत्र आलं. पुण्याच्या एका बाईचं, मराठीत. तिचं छोटं दुकान होतं. नागपूरच्या प्रदर्शनात तिने मोठेबाबांची साडी पाहिली होती, तेव्हा पैसे जुळले नव्हते; ई-मेल असलेलं कार्ड तिला पुढे कोणा ओळखीच्याकडून मिळालं होतं. तिने दुकानाचा पूर्ण पत्ता आणि फोन दिला होता. दोन पानभर प्रश्न होते. रंग पक्का आहे का, काठ किती बोटांचा, कोसा कुठला, दोन नमुने आधी पाठवाल का, नमुन्यांचे पैसे मी मनिऑर्डरने आधीच पाठवते. भाव जास्त वाटतो, असंही तिने लिहिलं होतं. मी टायपिंगवाल्या काकांच्या दुकानातून त्या क्रमांकावर फोन लावला. बाईच बोलली. मागे गिऱ्हाइकांचा आवाज येत होता.

मी धावतच घरी गेले. मोठेबाबा मागावर होते. मी पत्र वाचून दाखवलं, या वेळी एक शब्दही न बदलता. फोनचं सांगितलं. हेही सांगितलं, की ही काहीच मागून राहिली नाही, उलट तीच आधी देते म्हणते.

त्यांनी मागावरचा धोटा थांबवला नाही.

"नाही म्हण तिले," ते म्हणाले.

"मोठेबाबा, हे खरं हाय. मी बोलली तिच्याशी."

"तेही खरंच होतं. तूच वाचून दाखवलं होतं."

मोठी आईने त्यांना समजावलं, बाबांनी समजावलं. ते हललेच नाहीत. मी आठ दिवस वाट पाहिली आणि मग त्या बाईला लिहिलं, की विणकरांची तब्येत बरी नसते, सध्या बाहेरचं काम घेत नाहीत. खोटं लिहिलं. तिचं लगेच उत्तर आलं, की त्यांना जपा, आणि पुढे कधी विणायला लागले तर मला जरूर कळवा, मी वाट पाहीन.

ते उत्तर मी मोठेबाबांना वाचून दाखवलं नाही. त्यांच्यावरचा राग गेला नव्हता, हेच खरं कारण. मोठेबाबा आता नाहीत, माग कधीच उचलले गेले. त्या दिवशी तुमसरच्या दुकानात मी ते पत्र वाचलं, पेटी बंद केली आणि मोहाडीची बस पकडली. वाचून दाखवायला हवं होतं.